चारोटीत राहून गेलेली चढाई

सूर्यकांत पागधरे वरोरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या होडी, आणि यांना मात्र होडी लागायची. वडिलांनी पहिल्यांदा बरोबर नेलं, तेव्हा किनाऱ्यावरची सुरूची झाडं अजून नीट दिसत होती आणि पोरगं कठड्यावर ओणवं झालेलं. दुसऱ्यांदा लिंबू चोखायला देऊन नेलं, तिसऱ्यांदा उपाशीपोटी नेलं. फरक शून्य. शेवटी थोरला भाऊ वडिलांना म्हणाला, "याला जमिनीवरच राहू दे. मासे हसायला लागलेत." मग जमिनीवर करायचं काय, तर डहाणू रोडला स्टेशनजवळ एक टायपिंगचा क्लास होता, तिथे नाव घातलं.

तिथे मात्र या मुलाची बोटं अशी पळायला लागली, की सर बाकीच्या मुलांना त्याच्या खुर्चीमागे उभं करून "बघा" म्हणायचे. त्या बोटांच्या जिवावर सूर्यकांत चिकू बागायतदारांच्या संघात टायपिस्ट म्हणून लागले. पुढे टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. एके दिवशी त्यातला एक बंद पडला. ऑफिसातली माणसं त्याच्याभोवती उभी राहून मुंबईहून कुणाला बोलवायचं याची चर्चा करत होती. सूर्यकांत खाली वाकले, निघालेली वायर खोचली, पडदा उजळला. त्या दिवसापासून ते संघाचे कॉम्प्युटरवाले. कुणी नेमलं नाही, कुणी विचारलंही नाही. जिन्याखाली एक टेबल मिळालं आणि 'सूर्यकांतभाऊंना विचारा' हे वाक्य ऑफिसात कायमचं रुजू झालं.

ते शिकले भरपूर. अर्धं पडत-झडत, पाव फोनवर याला-त्याला विचारून. उरलेलं पाव म्हणजे त्यांचा लाडका सल्ला: "ओके दाबा, काही होत नाही." बहुतेक वेळा खरंच काही व्हायचं नाही. म्हणून तो सल्ला इतकी वर्षं टिकला.

संघाची ठिकाणं तीन. डहाणूला मुख्य ऑफिस, तलासरीला शाखा आणि चारोटीला हायवेलगत पत्र्याची मोठी शेड, जिथे बागांतून आलेले चिकू मोजून ट्रकात चढतात. काही माणसं या तिन्ही ठिकाणी फिरती. त्यांच्यासाठी सूर्यकांतभाऊंनी डहाणूच्या सर्व्हरवर एक सोय करून घेतली होती. तिचं नाव रोमिंग प्रोफाइल. ती समजावून सांगायची त्यांची पद्धत सोपी होती. "तुमचं टेबल तुमच्या मागे फिरतं. कुठेही बसा, आपलं नाव आणि पासवर्ड टाका. तुमचं सामान डहाणूहून तारेवरून तिथे येणार. घरी जाताना लॉग ऑफ करा, सामान परत डहाणूला."

या सोयीचा सगळ्यात जास्त वापर करायच्या निर्मला वरठा. तलासरी शाखेच्या हेडक्लार्क. सोमवारी चारोटी, मधले दिवस तलासरी, शुक्रवारी डहाणू. बोलणं मोजकं, काम चोख. आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांची एकच तक्रार.

"भाऊ, माझा कॉम्प्युटर उघडतच नाही. नुसतं चक्र फिरतंय."

"ताई, हायवेला खोदकाम चालू आहे ना, लाइन मार खाते."

"बाकीच्यांचे उघडतात की."

"त्यांचंही बघतो," सूर्यकांतभाऊ म्हणायचे, आणि बघायचं राहून जायचं.

एका मंगळवारी सकाळी पुन्हा फोन आला. आज कॉम्प्युटर उघडला होता, पण भलताच. "पडदा कोरा आहे. माझं काहीच नाही इथे. खाली टेम्पररी प्रोफाइल असं काहीतरी इंग्रजीत आलंय."

त्या वेळी सूर्यकांतभाऊंच्या समोर मॅनेजर सुदर्शनसाहेब उभे होते, त्यांच्या प्रिंटरने कागद चावला होता, आणि सूर्यकांतभाऊंचा एक हात मनगटापर्यंत प्रिंटरच्या पोटात होता. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये. ते म्हणाले, "ओके दाबा ताई, काही होत नाही. काम करत राहा. सामान येईल मागाहून."

निर्मलाताईंनी ओके दाबलं. दिवसभर बसून संघाचा वार्षिक अहवाल टाइप केला, डेस्कटॉपवर ठेवला, संध्याकाळी लॉग ऑफ करून घरी गेल्या.

बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज अगदी शांत होता. सूर्यकांतभाऊंना नंतरही आठवायचा तो शांतपणाच.

"अहवाल नाही, भाऊ. काहीच नाही."

सूर्यकांतभाऊ खुर्चीत बसले. आता त्यांना आठवलं. टेम्पररी म्हणजे टेम्पररीच. कॉम्प्युटरला माणसाचं खरं सामान सापडलं नाही की तो दिवसापुरती कोरी पाटी हातात देतो, आणि लॉग ऑफ केलं की ती पुसून टाकतो. मागाहून काहीही येत नाही. हे त्यांना माहीत होतं. प्रिंटरच्या पोटात हात असताना माहीत नव्हतं, एवढंच.

"मी येतो," ते म्हणाले.

निघण्याआधी त्यांनी सर्व्हरवर निर्मलाताईंचं सामान उघडून पाहिलं, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाकीच्यांचं सामान पिशवीएवढं, तर यांचं ट्रकभर. बहुतेक सगळे व्हिडिओ. 'प्रगती कासा', 'प्रगती बोर्डी', 'प्रगती उधवा'. त्यांनी एक उघडला. मातीचं मैदान, चुन्याच्या रेषा, आणि एक काटक मुलगी कबड्डी कबड्डी करत समोरच्या संघाच्या अंगणात अशी शिरली, जशी काही ती जागा तिच्याच नावावर आहे. एकीला स्पर्श, दुसरीच्या हातातून निसटली, परत. सूर्यकांतभाऊंनी दुसरा उघडला. मग तिसरा.

"हे काय चाललंय?" मागून सुदर्शनसाहेबांचा आवाज.

"दुरुस्ती, साहेब. निर्मलाताईंचा कॉम्प्युटर का उघडत नाही ते बघतोय."

"मग?"

"दररोज सकाळी कबड्डीचा अख्खा संघ डहाणूहून तलासरीला जातो, साहेब. संध्याकाळी परत येतो. वेळ लागणारच."

साहेबांनी एक खुर्ची ओढली. "त्या लाल जर्सीवालीला एकदा परत दाखवा," ते म्हणाले.

सगळे व्हिडिओ झाल्यावर एक गोष्ट दिसली, ती मात्र हसण्यासारखी नव्हती. सामान अर्धवट होतं. सोमवारी संध्याकाळी चारोटीहून परत येताना ते मध्येच कुठेतरी तुटलं होतं, आणि तुटलेलं सामान कॉम्प्युटर उघडत नाही. म्हणून मंगळवारी कोरी पाटी.

सूर्यकांतभाऊ एसटीने तलासरीला पोचले. निर्मलाताई खिडकीवर एका शेतकऱ्याचं काम करत होत्या. ते होईपर्यंत हे बाकावर बसून राहिले. मग त्यांनी जे झालं ते सरळ सांगून टाकलं. टेम्पररीचा अर्थ, आपण दिलेला सल्ला, अहवाल गेला तो आपल्यामुळे गेला हे.

निर्मलाताईंनी ऐकून घेतलं. "अहवालाचे हाताने लिहिलेले कागद आहेत माझ्याकडे. तो परत होईल. पण पालघरच्या सामन्याचा व्हिडिओ?"

"तो सर्व्हरवर नाही, ताई. मी पाहिलं."

 त्या टेबलावरचे कागद उगाच सरळ करू लागल्या. मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. प्रगती त्यांची मुलगी. रविवारी पालघरला जिल्ह्याचा उपांत्य सामना होता. शेवटच्या चढाईत गुण बरोबरीत, तिघी हिच्या अंगावर, आणि पोरीने त्यांच्याखालून बोटं मध्यरेषेला लावली. सामना जिंकला. पण त्या ढिगाऱ्यात गुडघा पिळला. अंतिम सामना तिच्याशिवाय झाला आणि हरले. डॉक्टरांनी काही महिने मैदानाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलंय.

"पोरगी घरी पाय उशीवर ठेवून पडलीय. सारखी म्हणते, आई, मला बघायचंय मी कशी सुटले. तिने कुठे बघितलं? ती तर खाली होती." निर्मलाताईंनी डोळ्यांवरून पदर फिरवला. "फोन भरला होता माझा. सोमवारी चारोटीच्या कॉम्प्युटरवर टाकला आणि फोनातून काढला. म्हटलं, उद्या तलासरीला आपोआप येईल. तुम्हीच म्हणता ना, सामान मागे फिरतं."

"लॉग ऑफ नीट केलं होतं ना?"

"केलं. पण ते चक्र काही थांबेना. बाहेर तलासरीचा शेअर इकोवाला हॉर्न मारत होता, गाडी भरली होती. मग बटण दाबून बंद केला."

सूर्यकांतभाऊंनी मान हलवली. रागवायचा त्यांना काही अधिकार नव्हता, आणि तसा रागही आला नव्हता. भरलेली इको सोडून चक्राकडे बघत कोण बसेल?

"कागद द्या," ते म्हणाले. "अहवाल मी करतो."

"तुम्ही?"

"टायपिस्ट म्हणून लागलोय मी इथे. द्या."

ते निर्मलाताईंच्या खुर्चीवर बसले, आपल्या नावाने कॉम्प्युटर उघडला आणि टाइप करायला लागले. शाखेतल्या माणसांनी त्यांना आजवर वायरी खोचताना पाहिलं होतं, असं कधी पाहिलं नव्हतं. नजर कागदावर, बोटं आपापली पळताहेत, आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा. शिपाई चहा ठेवून गेला, तो तसाच राहिला. ताळेबंदावरचं निवेदन झालं, बागांवरच्या किडीचा परिच्छेद झाला. बोटं कामात असली की सूर्यकांतभाऊंचं डोकं मोकळं व्हायचं. आणि त्या मोकळ्या डोक्यात चारोटी फिरत होती.

सामान आलं, सामान गेलं. पण गेल्यावर मागे काही राहतं का?

राहतं! ज्या कॉम्प्युटरवर बसलो त्यात एक प्रत राहतेच. डिस्क भरायला लागली म्हणून त्यांनी स्वतःच डहाणू आणि तलासरीच्या कॉम्प्युटरांना, माणूस उठला की प्रत पुसायची, अशी आज्ञा देऊन ठेवली होती. चारोटीलाही द्यायची होती. पण चारोटीची शेड म्हणजे धूळ, चिकूच्या क्रेट आणि डोक्यावर तापलेला पत्रा. दिवाळीनंतर जाऊ, थंडी पडली की जाऊ, असं करत ते काम राहून गेलं होतं.

बोटं एका शब्दाच्या मध्येच थांबली. त्यांनी चारोटीला फोन लावला. शेडमध्ये काट्यावर वजन करणारा बाबल्या बोलला.

"बाबल्या, कॉम्प्युटर आहे ना जागेवर?"

"आहे ना काका. आता प्रविणभाई आलाय, कासाचा रिपेअरवाला. तुम्हीच सांगितलं होतं म्हणे, कॉम्प्युटर लय स्लो झालाय, सगळं साफ करून नवीन टाक म्हणून. सीडी का काय ती काढतोय पिशवीतून."

सूर्यकांतभाऊ उठून उभेच राहिले. दोन आठवड्यांपूर्वी आपणच निरोप दिला होता, आणि प्रविण कधी वेळेवर येत नाही म्हणून विसरूनही गेलो होतो. "त्याला हात लावू देऊ नको! बाबल्या, ऐक. वायर काढू नको, बटण दाबू नको, काहीच करू नको. प्रविणला बाहेर ने आणि चहा पाज. वडापाव पण दे. मी आलो."

"किती वडापाव?"

"खाईल तेवढे!"

निर्मलाताईंनी त्या एका बाजूच्या बोलण्यावरून काय समजायचं ते समजून घेतलं होतं. त्यांनी ड्रॉवरमधून स्कूटीची चावी काढली.

मग तलासरीहून चारोटीकडे हायवेवरून पुढे निर्मलाताई आणि मागे सूर्यकांतभाऊ. शेजारून कंटेनर घोंघावत जात होते. रस्त्याकडेला मडक्यात भाजलेल्या कंद-शेंगांच्या, उंबाडियाच्या टपऱ्या लागल्या होत्या, त्यांचा धूर नाकात जात होता. एरवी सूर्यकांतभाऊ तिथे उतरल्याशिवाय पुढे जात नसत. आज डोळे मिटून कॅरिअर घट्ट धरून बसले होते, आणि होडी इतकी वाईट नव्हती असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

शेडच्या दारात प्रविण एका पालथ्या क्रेटवर बसून खात होता. "काका, आज एवढा पाहुणचार काय?" त्याने विचारलं. दोघं तडक आत शिरले.

कॉम्प्युटर कोपऱ्यात होता, वर गोणपाट टाकलेलं. निर्मलाताई सवयीने आपलं नाव टाकायला पुढे झाल्या.

"नको नको," सूर्यकांतभाऊंनी त्यांना थांबवलं. "तुमच्या नावाने उघडला की डहाणूचं तुटकं सामान यात शिरेल. माझ्या नावाने उघडतो, आणि नुसतं डोकावून बघतो."

त्यांनी डोकावून पाहिलं. या कॉम्प्युटरवर आजवर जे जे बसले त्या सगळ्यांच्या प्रती आत एका ओळीत होत्या. बदली होऊन गेलेल्यांच्यासुद्धा. निर्मलाताईंचं नाव होतं. आत डेस्कटॉप. आत 'प्रगती पालघर'.

सूर्यकांतभाऊंनी तो लगेच उघडला नाही. आधी खिशातल्या पेनड्राइव्हवर एक प्रत घेतली. मग प्रविणचा पेनड्राइव्ह मागून त्यावर दुसरी. आणि मगच व्हिडिओ चालू केला.

चित्र हलत होतं, कारण धरणारी उड्या मारत होती. प्रगती मध्यरेषा ओलांडून गेली. डावीकडे हूल, उजवीकडे पाय. कोपऱ्यातलीने घोटा धरला, दुसरीने कंबर, तिसरी वरून कोसळली. नुसता धुरळा आणि त्यातून बाहेर आलेला एक हात, बोटं ताणलेली, इंच इंच सरकणारी. आणि या सगळ्यावर कुणातरी बाईचा आवाज, सगळं मैदान हादरवणारा: "लांब कर! हात लांब कर गं पोरी! अगं लांब कर!"

बाबल्या आला होता, हमाल आले होते, प्रविण वडा हातात धरून उभा होता. बोटं रेषेला लागली तेव्हा शेडमध्ये अशी आरोळी उठली की बाहेरच्या ट्रकवाल्याने डोकं आत घालून काय झालं म्हणून विचारलं.

"हा आवाज कोणाचा?" बाबल्याने विचारलं.

ऑफिसात ज्यांना मोठ्याने बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, त्या निर्मलाताई पदर तोंडावर धरून हसत होत्या आणि रडतही होत्या. "बंद करा हो भाऊ ते," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी मीपण खेळायची. तोंडातून निघून जातं."

संध्याकाळी निर्मलाताईंनी सूर्यकांतभाऊंना आपल्याबरोबर पाड्यावर नेलं. ते नाही म्हणत होते, पण पेनड्राइव्ह त्यांच्याच खिशात होता. ओटीवर खाटेवर प्रगती पाय लांब करून बसली होती. शेजारच्या शिक्षकांकडून लॅपटॉप आणला. पोरीने चढाई पाहिली.  तिने परत पाहिली. मग मध्येच थांबवून पडद्यावर बोट ठेवलं.

"इथे. इथे माझा पाय चुकला. वजन आत घ्यायला पाहिजे होतं, तर गुडघा वाचला असता."

"पण गुण मिळवलास ना," सूर्यकांतभाऊ म्हणाले.

"गुण मिळाला, काका. पण पाय चुकलाच." आणि तिने पुन्हा पहिल्यापासून लावलं. तिचा चेहरा बघून सूर्यकांतभाऊंना वाटलं, ही मुलगी पडून राहणाऱ्यांतली नाही. निर्मलाताईंनी त्यांच्यासमोर कोरा चहा आणि भाजलेल्या शेंगा ठेवल्या. ते शेंगा सोलत बसले आणि घरी फोन करून बायकोला, पुष्पाला, सांगितलं की आज जेवायला उशीर होईल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल टाइप करून संपवला, आणि पुढच्या आठवड्यात जे मागेच करायला हवं होतं ते करायला घेतलं. सर्व्हर बसवून देणाऱ्या वसईच्या कंपनीतल्या अहिल्या नावाच्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, डेस्कटॉपवरचं सामान फिरवायचंच कशाला? ते सर्व्हरवरच राहू दे. माणूस जिथे बसेल तिथून त्याला नुसतं दिसू दे. फिरायचं फक्त नाव आणि चार सेटिंग." सूर्यकांतभाऊंनी दुपारभर तिला शंका विचारल्या. तिने न कंटाळता उत्तरं दिली, आणि एकेकाचं सामान हलवताना त्यांना ऑफिसची नवीच ओळख झाली. कुणाच्या डेस्कटॉपवर साखरपुड्याचा अख्खा अल्बम, कुणाच्या घरच्या बांधकामाचे नकाशे, आणि सुदर्शनसाहेबांच्या डेस्कटॉपवर एकाच पत्राच्या प्रती: 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं', 'हेच पाठवा'. निर्मलाताईंचे व्हिडिओ त्यांनी एका जुन्या हार्डडिस्कवर घातले आणि ती डिस्क त्यांच्या हातात दिली. "ही घरी ठेवा. संघाचा सर्व्हर संघाला पुरू दे."

चारोटीचा कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जाऊन साफ केला, बाबल्याकडून शेड झाडून घेऊन. आणि तिन्ही ठिकाणच्या माणसांना गोळा करून बजावलं. चक्र थांबल्याशिवाय बटणाला हात नाही. टेम्पररी हा शब्द दिसला की काम बंद, आधी मला फोन. आणि मी जर फोनवर ओके दाबा म्हणालो, तर मला विचारा, हात कुठे आहे तुमचा?

तलासरीचे कॉम्प्युटर आता झटकन उघडतात. त्यावर पहिली तक्रार तिथल्या शिपायाने केली. पूर्वी चक्र फिरत असेपर्यंत सगळे चहाला जायचे, आता साहेब लोक लगेच कामाला बसतात आणि त्याला चहा टेबलाटेबलावर न्यावा लागतो. सूर्यकांतभाऊंनी त्याला सांगितलं की यावर आपल्याकडे काही इलाज नाही.

महालक्ष्मीची जत्रा झाल्यावर प्रगतीने पुन्हा सराव सुरू केला, आधी नुसतं धावणं, मग हळूहळू पकडी. उन्हाळ्यात बोर्डीला सामने लागले तेव्हा सूर्यकांतभाऊ पुष्पाला घेऊन गेले. बसायला जागा नव्हती, दोरीला टेकून उभे राहिले. पलीकडच्या बाजूला निर्मलाताई फोन वर धरून उभ्या होत्या आणि त्यांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू येत होता. प्रगती चढाईला निघाली, रेषेवर क्षणभर थांबून उजवा पाय जमिनीवर नीट रोवला, आणि आत गेली.

"ही का ती?" पुष्पाने विचारलं.

"हीच," सूर्यकांतभाऊ म्हणाले, आणि दोरीवर पुढे वाकले.